नाताळचं ताट घेऊन शेजारी जाताना: साठीनंतरच्या ख्रिस्ती मंडळींसाठी

पहिलं एक सांगून टाकते, हे प्रवचन कसं द्यावं याबद्दल नाहीये. प्रवचन द्यायला फादर आहेत, पास्टर आहेत, आणि यूट्यूबवर तर विचारूच नका. हे आपल्यासारख्यांसाठी आहे, साठी-सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या, पोरं मुंबईत नाहीतर गल्फला, घरात दोघं किंवा एकटंच, आणि डिसेंबर आला की मनात येतं की आपल्याला जे मिळालंय ते कोणाला तरी सांगावं पण सांगायचं कसं, आणि शेजारी हिंदू असोत की मुसलमान, त्यांना वाटायला नको की ही बाई आता आपल्याला बाटवायला आली.

तर ती भीती आधी काढून टाका. आपण त्यांच्या गणपतीला जातो, आरतीला टाळ्या वाजवतो, मोदक खातो, ईदला शिरखुर्मा खातो, ते आपल्याकडे नाताळला येतात. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी कुठेही बघा, हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. नाताळात दार आधीच उघडं असतं, आपण फक्त त्यातून घाई न करता आत जायचं. आणि ज्यांच्याकडे वर्षभर पाय ठेवला नाही त्यांच्याकडे २५ डिसेंबरला जाऊन एकदम येशूबद्दल बोलायला लागलात तर ते बरोबर ओळखतात, माणसं काही खुळी नसतात.

नावं आधी, फराळ नंतर

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. चर्चमध्ये त्या दिवशी पहिली मेणबत्ती लावतात ती आशेची. त्याच दिवशी घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पाच-सहा नावं लिहा, जास्त नको. पंचवीस घरं फिरलात तर ताट सगळीकडे पोचेल पण बसणं कुठेच होणार नाही.

कोणाची नावं? ज्या घरात यंदा माणूस गेलं ते घर पहिलं. आपल्याकडे माणूस गेलं की त्या वर्षी घरात गोडधोड तळत नाहीत, त्यांची दिवाळी नाही आणि आपला नाताळ नाही, मग शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. ही रीत आपल्या हातात आयतीच आहे आणि तरी आपण बऱ्याचदा ताट नातवाच्या हातात देऊन पाठवून देतो. स्वतः जा. नंतर ज्यांचा आंब्याचा मोहोर गळला किंवा मासळीने दगा दिला आणि कर्ज डोक्यावर आहे ते. हॉस्पिटलातून घरी आलेला म्हातारा. जिच्या मुलीचं लग्न मोडलं ती बाई, जिच्याकडे सगळे जातात पण तो विषय सोडून बोलतात. आणि बाहेरगावची माणसं विसरू नका, सरकारी आरोग्य केंद्रात नवीन आलेली नर्स जी भाड्याच्या खोलीत एकटी राहते, कलमांच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी जोडपं, ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी. यांना नाताळला कोणी बोलावत नाही, कोणाच्या लक्षातच येत नाही.

मग दर रविवारी मेणबत्ती लावताना ती नावं घ्यायची. दुसरी शांतीची, तिसरी गुलाबी असते ती आनंदाची, चौथी प्रेमाची. नाव घेऊन प्रार्थना करण्याचा एक साधा फायदा असा की चार आठवड्यांत ते माणूस आपल्या डोक्यात राहतं, वाटेत भेटलं तर आपण थांबतो.

आणखी एक, वार बघा. डिसेंबरात बरेचदा मार्गशीर्ष चालू असतो, गुरुवारी बायकांचे उपास असतात, घट मांडलेले असतात, त्या दिवशी अंडं घातलेलं काही घेऊन जाऊ नका. कोणाकडे सोमवार असतो, कोणी माळ घातलेली असते. खरं तर थोडे कुलकुल, आपले ते नाताळचे तळलेले गोड, बिनअंड्याचे वेगळेच करावेत, वेगळ्या डब्यात, आणि देताना सांगावं की यात अंडं नाही. एवढ्याशा गोष्टीने समोरच्याला कळतं की तुम्ही त्याचा विचार केलाय, आणि मग तो तुमचंही ऐकतो. जत्रांचे पण हेच दिवस, दशावतार असला की अर्धी वाडी रात्रभर जागी असते, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे जाऊन बसू नका, सगळे झोपलेले असतात.

कुलकुल करायला बोलवा

हे मात्र नीट सांगते कारण माझ्या मते खरं बोलणं इथेच होतं, नाताळच्या दिवशी नाही. नाताळच्या दिवशी गर्दी असते, येणारे-जाणारे, लहान मुलं, टीव्ही. त्याच्या आठ-दहा दिवस आधी दुपारी तीनच्या सुमारास तीन-चार जणींना बोलवा. मैदा, मूठभर रवा, थोडं लोणी, साखर, चिमूटभर मीठ, नारळाचं पहिलं घट्ट दूध, हवं तर अंडं, असं पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवलेलं असावं, म्हणजे त्या आल्या की लगेच कामाला हात लागतात. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कोऱ्या कंगव्यावर तेलाचं बोट फिरवून अंगठ्याने दाबायची आणि हळूच गुंडाळायची, रेघा वर येतात. पहिल्यांदा करणारीची उलगडते, मग सगळ्या हसतात. मंद आचेवर तळायचे, घाई केली की बाहेरून लाल आणि आत कच्चे. मग पाकात घोळवायचे नाहीतर तसेच ठेवायचे, ज्यांना शुगर आहे त्यांना तसेच दोन-चार पुरे.

आता यात श्रद्धेचं काय? सांगते. समोरासमोर खुर्चीवर बसवून काय गे कशी आसस असं विचारलं तर कोणीही बरी आसय म्हणेल. हात कामात असले, नजर कंगव्यावर असली की माणूस बोलतं. मध्येच एखादी म्हणते, रातची झोप येणा नाय गे. तेव्हा लगेच देवावर भरवसा ठेव म्हणून उडी मारू नका. गोळी वळत राहा. कधीपासना, एवढंच विचारा. मग ती सांगेल, नाही सांगितलं तर नाही. दहा मिनिटं काही न बोलता कुलकुल वळले तरी चालतं.

लूकच्या शुभवर्तमानात नाताळची गोष्ट सुरू होते ती एका म्हाताऱ्यापासून, जखऱ्या, त्याला म्हातारपणी मूल होणार असं देवदूत सांगतो आणि मग काय करतो तर त्याची वाचा बंद करतो. मूल जन्माला येऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत तो खुणांनी बोलत होता, नावसुद्धा पाटीवर लिहून सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून ते झालं हे खरंय, पण मला नेहमी वाटतं आपल्या वयाच्या माणसांना तेवढी गप्प बसायची प्रॅक्टिस मिळाली तर अर्धं काम होईल. आपल्याला सगळ्याचं उत्तर माहीत असतं ना, तोच प्रॉब्लेम.

आणि कधीतरी, त्या दिवशी नाही तर पुढच्या वेळी, ती विचारते. तुझो घोव गेलो तेव्हा तू कशी ऱ्हवलंस मगे? आता तुमची पाळी. पेत्राच्या पत्रात हेच आहे, तुमच्यात जी आशा आहे तिच्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे. कोणी विचारलं तर, हे नीट वाचा.

उत्तर आधी लिहून ठेवा

तयार राहा म्हणजे खरंच तयार राहा. आपण म्हातारी माणसं बोलायला लागलो की १९७२ च्या दुष्काळापासून सुरू करतो आणि चहा गार होतो. एक वही घ्या, आपल्या आयुष्यातला एकच प्रसंग निवडा, तेव्हा काय झालं, कशाने तग धरला, आज कसं आहे, एवढंच लिहा आणि मोठ्याने वाचून बघा. दोन-तीन मिनिटांत संपलं पाहिजे. नवऱ्याला किंवा बहिणीला वाचून दाखवा, ते बरोबर सांगतात कुठे आपण वाढवून बोलतोय.

माझं असं आहे, नमुन्यासाठी देते. आमचे हे गेले तेव्हा मी रोझरी, आपली जपमाळ, घेऊन बसायची आणि अर्ध्यावर थांबायची, पुढे जायचंच नाही. देवाशी भांडत होते. मग मी देवाला सांगितलं, मला जमत नाही, तूच बघ. दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. पण रोज संध्याकाळी तेवढं सांगत राहिले आणि हळूहळू कळलं की मी एकटी बसलेली नाहीये. अजून रडू येतं. पण एकटी नाहीये हे कळलंय ते गेलेलं नाही. संपलं. एवढंच सांगते मी.

बघा, यात अजून रडू येतं हे वाक्य काढू नका. जे सुटलं नाही ते पण सांगायचं. सगळं छान झालं, देवाने सगळं दिलं अशी गोष्ट ऐकून दुःखातलं माणूस आणखी एकटं पडतं, त्याला वाटतं मग माझंच का नाही झालं. देवळात बाळ येशूला हातात घेणारा म्हातारा शिमोन आठवा, त्याचं गाणं फक्त चार वचनांचं, आणि त्यानंतर तो मरियेला गोड काही सांगत बसला नाही, तुझ्या काळजातून तलवार जाईल असं तोंडावर सांगितलं. म्हणून सगळं ठीक होईल हे वाक्य आपण वापरूच नये असं माझं मत आहे, आपल्याला काय माहीत ठीक होईल की नाही. मी येत जाईन म्हणा, ते आपल्या हातात असतं.

चर्चची भाषाही बाजूला ठेवा. तारण, अनुग्रह, पश्चात्ताप हे शब्द आपल्याला लहानपणापासून सवयीचे, ज्याने कधी ऐकले नाहीत त्याला ते सरकारी जीआरसारखे वाटतात. तारण म्हटलं तर कोणाला सोनं तारण ठेवलंय असंच वाटायचं. त्याऐवजी देवाने मला सोडलं नाही, मला माफ केलं, असं घरात बोलतो तसं बोला. आणि ज्या बोलीत समोरचं माणूस रडतं त्या बोलीत बोला. मालवणीत, कोंकणीत, वसईकडे असाल तर सामवेदी नाहीतर वाडवळीत, कोर्लईकर असाल तर आपसात तुमच्या त्या पोर्तुगीज मिसळलेल्या बोलीत. पुस्तकी मराठी आली की माणूस सावरून बसतं.

गोठा ओसरीवर

नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला करू नका, ओसरीवर नाहीतर खळ्यात करा, कमी उंचीवर, जिथे वाडीतलं कुठलंही पोर येऊन उकिडवं बसून बघेल. नाताळच्या दहा दिवस आधी पत्र्याच्या डब्यांत माती घालून नाचणी किंवा गहू पेरा, रोज पाणी शिंपडा, २४ तारखेपर्यंत हिरवंगार गवत होतं. हे पेरायचं काम शेजारच्या पोरांना द्या. प्रत्येकाचा डबा वेगळा, कोणाचं उंच आलं यावर रोज भांडण होतं आणि त्या निमित्ताने ती रोज येतात. मच्छीमारांची पोरं गोठ्यात होडी ठेवतात, ठेवू द्या, बेथलेहेमला समुद्र नाही वगैरे शिकवू नका. तसं बघायला गेलं तर लूकने गव्हाण लिहिलीय पण बैल आणि गाढव लिहिलेले नाहीत. इटलीत ग्रेचो नावाच्या गावात १२२३ साली संत फ्रान्सिसने खरी गव्हाण मांडून खरा बैल आणि गाढव आणून उभे केले आणि तेव्हापासून गोठ्याची प्रथा फोफावली. हे सांगितलं की पोरं विचारतात त्यांनी घाण नाही केली का, आणि मग गोष्ट आपोआप सुरू होते.

गोष्ट दोन मिनिटांची. राजाने माणसं मोजायचा हुकूम काढला, गरोदर बाई आणि नवरा लांब चालत गेले, राहायला जागा मिळाली नाही, बाळ झालं, गुरांच्या गव्हाणीत ठेवलं, आणि देवाने पहिली बातमी दिली ती रात्री राखणीला जागे असलेल्या मेंढपाळांना. इथे थांबायचं. राखणदार हा शब्द कोकणात कोणाला समजवावा लागत नाही. पुढे पोराने विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर बाळाची मूर्ती २४ च्या रात्री कोण ठेवणार ते ठरवायचं. पोरांच्या आईबापांना मात्र माहीत असू द्या की तुम्ही गोष्ट सांगता, चोरून काही नाही. बहुतेक वेळा ते स्वतःच येऊन मागे उभे राहतात.

गाण्यांचं थोडक्यात. इंग्लिश कॅरल छान आहेत पण शेजाऱ्यांना नुसती ट्यून कळते. आपल्याकडे पेटी-टाळावर म्हणायची ख्रिस्ती भजनं आहेत, कवी ना. वा. टिळक १८६१ चे, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, अभंगाच्या वळणाने त्यांनी किती लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली येशूची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये छापली होती. तेव्हा आपली भजनं परकी आहेत असं कोणी म्हणू शकत नाही. वाडीतल्या भजनी मंडळातला पखवाजवाला बोलवा, तो शब्द ऐकतो, अर्थ विचारतो, तुमचं काम झालं.

आजाऱ्याकडे आणि हॉस्पिटलात

इथे नियम पाळाच. आधी फोन करून विचारा येऊ का. दुपारी जेवण आणि औषधं झाल्यावर, म्हणजे चारनंतर. पंधरा मिनिटं बस्स. खुर्ची पलंगाच्या बाजूला ओढून बसा, उभं राहून वरून बोलू नका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि टीव्ही बंद करायला सांगा. आपल्यालाही कमी ऐकू येत असेल तर लाजू नका, सांगून टाका, नाहीतर दोन म्हातारी माणसं दोन वेगळ्या विषयांवर हो हो करत बसतात, हे मी बघितलंय.

निघताना विचारायचं, मी तुमच्यासाठी देवाकडे थोडी प्रार्थना केली तर चालेल का? नको म्हणाले तर हसून बरं म्हणायचं आणि तसंच प्रेमाने निघायचं, तोंड पाडून नाही. हो म्हणाले तर इथे करू की घरी जाऊन करू हेही विचारा, वॉर्डात बाकीचे पेशंट असतात, सगळ्यांनी माना वळवल्या की त्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. तिथेच करायची तर चार वाक्यं, नाव घेऊन, त्याने जे सांगितलं तेच मागायचं. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर विचारून. आणि औषधं बंद करा, देव बरं करील असं चुकूनही बोलू नका, डॉक्टर-नर्ससाठी पण त्याच प्रार्थनेत एक वाक्य घाला.

रात्री जायचं टाळा. पाणंदीतून, चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून दवात घसरायला होतं, आशा सांगायला जाऊन कंबर मोडून घेण्यात काही अर्थ नाही. बॅटरी आणि सोबतीला कोणीतरी.

घरातली पोरं, हा सगळ्यात अवघड भाग

शेजाऱ्याला सांगणं सोपं, स्वतःच्या नातवाला कठीण. पोरं तेवीसला रात्री कोकणकन्येत नाहीतर एसटीत बसतात आणि सकाळी येतात, थकलेली, आणि आपला पहिला प्रश्न काय असतो, तिकडे रविवारी चर्चला जातोस की नाही? झालं. त्यानंतर चार दिवस ते मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात आणि आपण कुरकुरतो की पिढी बिघडली.

पुन्हा त्या लूकच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे या. मरिया देवदूताचं ऐकून जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे गेली, डोंगराळ भागात, अलीशिबा म्हातारी, स्वतः गरोदर. कुवार पोरगी, दिवस गेलेले, दारात उभी. आपल्या वाडीत काय झालं असतं विचार करा. अलीशिबेने चौकशी केली नाही, तिचं पहिलं वाक्य आशीर्वादाचं होतं, तू धन्य आहेस. आणि मरिया तिच्याकडे जवळजवळ तीन महिने राहिली. मला तर वाटतं आजी-आजोबांना श्रद्धा पुढे द्यायची असेल तर हा एक प्रसंग पाठ करावा.

म्हणजे करायचं काय? पोर दारात आलं की आधी जेवण, पाणी तापवून ठेवलेलं, झोप. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वेळ एकदाच सांगायची, रात्रीची मिस्सा आता बऱ्याच ठिकाणी बाराच्या आधीच असते तेव्हा वेळ आधी बघून ठेवा, आणि म्हणायचं मी जाणार आहे, अंधारात मला हात धरायला कोणी आलं तर बरं होईल. खरं सांगायचं तर ही थोडी लबाडी आहे, पण खोटं नाही, हात खरंच लागतो. आलं तर आलं. नाही आलं तर परत आल्यावर दरवाजा उघडायला जागं असेल, तेव्हा टोमणा मारायचा नाही, केक कापायचा.

पोरीने तिकडे दुसऱ्या धर्मातला मुलगा बघितलाय, मुलगा नोकरी सोडून आलाय, कोणी सांगतो मी आता देवबिव मानत नाही, अशा बातम्या नेमक्या नाताळातच घरात फुटतात कारण सगळे एकत्र असतात. आईबाप ओरडतील, त्यांना ओरडू द्या. तुम्ही स्वयंपाकघरात त्याला कांदा सोलायला बोलवा. देव मानत नाही म्हणाला तर कुठल्या देवाला मानत नाहीस ते सांग बघू असं विचारा, खऱ्या उत्सुकतेने, आणि ऐका. खूपदा तो ज्या रागीट देवाला मानत नाही त्याला तुम्हीपण मानत नसता. मग तुमची ती तीन मिनिटांची गोष्ट, एकदाच. दुसऱ्या दिवशी परत सांगू नका. त्याला ती आठवेल तेव्हा आठवेल, ते आपलं खातं नाही.

फोनवरचं

फुलांचं आणि चमचमणाऱ्या क्रुसाचं फॉरवर्ड कोणी उघडत नाही, मीही नाही. त्याऐवजी व्हॉइस मेसेज पाठवा, पाऊण मिनिटाचा, सुरुवातीला त्या माणसाचं नाव घेऊन, तुझी आठवण आली, मेणबत्ती लावताना तुझं नाव घेतलं, बस. नातवाकडून एकदा शिकून घ्या, ते माइकचं बटण दाबून धरायचं असतं. दुबईला आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेतला अडीच तास, म्हणून सकाळी सातला फोन लावलात तर ते झोपेत असतात. बोटीवर असलेल्यांना नेटवर्क मिळेल तेव्हा मिळेल, मेसेज पडून राहू दे. ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही त्यांनी एवढंच केलं तरी पुष्कळ आहे, आणि ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं.

हे करू नका

मदत आणि येशूची गोष्ट एकाच हाताने देऊ नका. कोणाला धान्य, औषधाचे पैसे, पोराची फी द्यायची असेल तर द्या आणि गप्प घरी या. त्या दिवशी धर्माचं एक अक्षर नाही. नाहीतर त्या माणसाला वाटतं हे पैशाच्या बदल्यात आहे, आणि वाडीत तसं बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांचं चुकत नाही. मनातून आलेलं हो आणि मिंधेपणातून आलेलं हो यात देवाला तरी फरक कळतोच.

दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलायचं नाही, विनोदानेसुद्धा. वाद सुरू झाला, आणि तो होतो, कोणीतरी पेपरात काहीतरी वाचलेलं असतं, तर तुमका तसा वाटता काय, बरां, म्हणून चहा पुढे करायचा. बाहेरच्या भांडणाचं उत्तर आपल्या ओसरीवर द्यायची जबाबदारी आपली नाही. आणि आपापसातलं पण, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, तुमची मरिया आमचा बायबल, हे निदान नाताळात शेजाऱ्यांसमोर तरी नको.

तुम्हालाच आशा वाटत नसेल तर

हे कोणी बोलत नाही पण खूप जणांचं असतं. २०२५ हे कॅथलिक चर्चचं ज्युबिली वर्ष, म्हणजे पवित्र वर्ष होतं, पोप फ्रान्सिस यांनी विषय दिला होता आशेचे यात्रेकरू, वर्षभर तो शब्द कानावर पडत होता आणि त्याखाली बसलेली कितीतरी म्हातारी माणसं मनातून रिकामी. मुलं येणार नाहीत असा फोन आलाय, जोडीदार नाही, तब्येत साथ देत नाही, मग दुसऱ्याला काय सांगायचं?

अशा वेळी सांगू नका. जा मात्र. ज्याच्या घरी यंदा माणूस गेलं त्याच्याकडे जाऊन माका पण बरा वाटणा नाय, म्हणून तुझ्याकडे बसाक इलंय असं म्हटलं तरी चालतं. हन्ना संदेष्टी चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेलेला, तिने लोकांना बाळाबद्दल सांगितलं असं लूक लिहितो पण काय सांगितलं त्याचा एकही शब्द लिहिलेला नाही. ती रोज देवळात असायची एवढं मात्र लिहिलंय. आणि झोप उडाली, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर फादरांना सांगा आणि डॉक्टरला पण दाखवा, दोन्ही, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.

पंचवीसनंतर

नाताळचा काळ २५ ला संपत नाही, तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत तरी तो असतोच, आणि आपल्यासारख्यांसाठी खरं काम याच दिवसांत आहे. एकतीसपर्यंत किनाऱ्यावर टुरिस्टांची गर्दी, होमस्टेवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नाही, त्यांच्याकडे जाऊ नका. दोन-तीन जानेवारीला मुंबईवाले परत जातात, गाड्या निघतात आणि घरं एकदम रिकामी होतात. तेव्हा यादीतल्या राहिलेल्या नावांकडे जा. दोदोल तोपर्यंत टिकतो, कुलकुल हवाबंद डब्यात ठेवलेत तर तेही कुरकुरीत राहतात, नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, मात्र खोबऱ्यामुळे वास येतो, त्या आधी संपवा. ज्यांनी प्रार्थनेसाठी काही सांगितलं होतं, ऑपरेशन, कोर्टाची तारीख, पोराची परीक्षा, ते कॅलेंडरच्या नव्या पानावर त्या त्या तारखेला पेन्सिलीने लिहून ठेवा आणि त्या दिवशी फोन करून विचारा काय झालं.